चाऱ्याची ज्वारी तुटक उगवते, गुडघ्याएवढी होऊन सुकते: बियाण्याला दोष देण्याआधी वाही, म्हणजे मशागत, तपासा

पोळा जवळ आला की हा प्रश्न हमखास कानावर येतो. "चाऱ्याची ज्वारी पेरली होती भाऊ, अर्धी निघालीच नाही. निघाली ते टोंगळ्याएवढी झाली अन् थांबली. बियाणं डुप्लिकेट असंल का?"

माझ्या वावरात हे लागोपाठ तीन वर्षं झालं. माझं शेत अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूरच्या बाजूला. मध्यम ते भारी काळी जमीन आहे, वरच्या अंगाला दीड एकर बरड, म्हणजे हलकी मुरमाड. दोन म्हशी, तीन गाई आणि एक बैलजोडी एवढी ढोरं. पहिल्या वर्षी मी बियाण्याला शिव्या दिल्या, दुसऱ्या वर्षी पावसाला. तिसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये वावरात उभा होतो तेव्हा दिसलं की विजेच्या खांबाभोवती ज्वारी पुरुषभर झाली आहे. बाकी सगळीकडे टोंगळ्याखाली, पानं गुंडाळलेली, आणि खांबाभोवती आठ-दहा हाताच्या गोलात काळीभोर हिरवी. बियाणं एकाच पिशवीतलं होतं, पाऊस काही खांबापुरता वेगळा पडला नव्हता. फरक इतकाच की खांबाजवळ रोटाव्हेटर (ट्रॅक्टरमागचं फिरत्या पात्यांचं अवजार) वळत नाही. तो तुकडा बाबांनी बैलांच्या वखरानं दोन पाळ्या घालून तयार केला होता, तिफणीनं पेरला होता. तिकडे धुऱ्याच्या (बांधाच्या) कडेलाही तसाच एक हिरवा पट्टा होता.

म्हणून आता कोणी विचारलं तर मी आधी एवढंच विचारतो: वाही कशी केली, आणि कधी केली?

बियाणं सुटलं का ते एकदा बघून घ्या

दोष बियाण्याचा असू शकतो, पण ते अंदाजानं ठरवू नका. पिशवीत उरलेले १०० दाणे मोजा, ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. चार-पाच दिवसांत उघडा. प्रमाणित ज्वारीची उगवण किमान ७५ टक्के असायला पाहिजे. तेवढे कोंब आले तर बियाण्याचा विषय तिथंच संपला. दुकानदाराशी भांडायचं असेल तरी ही गुंडाळी हातात असलेली बरी.

रोप कधी मेलं, त्यावर कारण ठरतं

"ज्वारी झाली नाही" या एका वाक्यात तीन वेगवेगळी दुखणी लपलेली असतात. उगवलीच नाही हे एक. उगवली आणि तीन आठवड्यांत गेली हे दुसरं. उभी राहिली पण वाढली नाही हे तिसरं. तिन्हींवर उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी आपलं दुखणं कोणतं ते ओळखायचं.

उगवली नसेल तर पेरणीनंतर सातव्या-आठव्या दिवशी तासात (पेरलेल्या ओळीत) बसा आणि वीतभर लांबीची माती बोटांनी अलगद बाजूला करा. खुरपं वापरू नका, कोंब तुटतात. मी तिसऱ्या वर्षी बसलो तेव्हा वरचा पापुद्रा हातात तुकड्या-तुकड्यांनी आला, जाडी दोन-तीन मिलिमीटर, खालून गुळगुळीत. त्याच्या खाली पांढरे पिवळट कोंब, आणि सगळे चहाच्या कपाच्या कानासारखे वाकलेले. वर यायला निघाले होते, पापडीला डोकं लागलं, आडवे झाले आणि तसेच गळाले.

असं दिसलं तर दुखणं पापडीचं आहे. दाणा जसाच्या तसा कोरडा सापडला तर आजूबाजूला ढेकळं आणि पोकळी असणार, दाण्याला ओल पोचलीच नाही. दाणा फुगून, मऊ होऊन, वास मारत असेल तर तो फार खोल गेला किंवा पाणी साचलं. दाणाच नसेल तर मुंग्या, उंदीर, तितर यांचं काम. कोंब जमिनीलगत कुरतडलेले दिसले तर सकाळी लवकर जाऊन बघा, वाणी (पुष्कळ पायांचे, वेटोळं करणारे किडे) गोळा झालेल्या असतात. अलीकडे आमच्याकडे त्यांचा उपद्रव वाढला आहे, सोयाबीन-कपाशीचीही रोपं खातात.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो, कारण तिचा दोष फुकट वाहीवर येतो. रोप दोन-तीन आठवड्यांचं असताना मधला पोंगा वाळला, ओढला की अलगद निघून आला आणि बुडाशी कुजका वास आला, तर ती खोडमाशी. तिचा खरा इलाज वेळेवर पेरणी. पाऊस आल्यावर पहिल्या आठवड्यात पेरलेल्या ज्वारीला ती कमी लागते, जुलै उलटल्यावर पेरलेलीला जास्त.

आणि चाऱ्याची ज्वारी अनेकदा जुलै उलटूनच पेरली जाते. आधी कपाशी, मग सोयाबीन, मग तूर, हे सगळं आटोपल्यावर उरलेल्या तुकड्यात, उरलेल्या वेळेत, ट्रॅक्टरवाल्याच्या उरलेल्या फेरीत चारा. जमीन तोवर चिप्प ओली झालेली असते. निम्मं दुखणं मला तर इथंच दिसतं. ढोरांच्या पोटाचं पीक आपण कोपऱ्यात टाकतो आणि मग उन्हाळ्यात कडब्याच्या पेंढीचा भाव ऐकून कपाळावर हात मारतो. पूर्वी ज्वारी घरोघर असायची, चारा आपोआप मिळायचा, त्याच्यासाठी वेगळं वावर लागत नव्हतं. आता सोयाबीनचं कुटार (भुसा) आहे. ते ढोरं तोंड वाकडं करून खातात.

रवा करायचा, मैदा नाही

पापडीवर बाबांचं म्हणणं मला पटायला तीन वर्षं लागली. ते म्हणाले, "पाय, तू जमिनीचा मैदा केला. मैद्याले पाणी लागलं का पापड होते. आमी वखरानं रवा करत होतो."

यात शास्त्र आहे. आपल्या भारी काळ्या मातीत निम्म्याहून जास्त चिकण कण असतात, तेही स्मेक्टाइट जातीचे, म्हणजे ओले झाले की फुगणारे आणि वाळले की आकसणारे. या फुगण्या-आकसण्यामुळे चांगली काळी जमीन आपोआप वरून भुसभुशीत होते, दाणेदार होते. म्हणून पापडी ही खरं तर बरड आणि भुरकट जमिनीची खोड. काळीला ती आपण लावली. रोटाव्हेटरच्या दोन-तीन फेऱ्या मारल्या की निसर्गानं बांधलेला दाणा फुटतो, त्याचं पीठ होतं. पहिल्या झोडपणाऱ्या पावसात ते पीठ वाहून भोकांत बसतं, वरून ऊन पडलं की लिंपण तयार. पाऊस पडूनही पाणी आत न जाता धुऱ्याकडे पळतं, हे त्याच लिंपणाचं काम.

मग कसं करायचं? पेरणीआधी पेरणीच्या थरात, म्हणजे वरच्या दोन-तीन इंचांत, बारीक माती पाहिजे, पण पृष्ठभागावर हरभऱ्यापासून लिंबापर्यंतची ढेकळं राहू द्यायची. ती ढेकळं पावसाचा मार खातात, खालची माती वाचते. वावर दिसायला तितकं देखणं दिसत नाही. शेजारचे म्हणतात, "अर्धवटच वाही केली वाट्टे." म्हणू द्या.

वखराची पास (पातं) इथं रोटाव्हेटरपेक्षा सरस. ती माती कापते, उचलते आणि तिथंच सोडते, कुटत नाही. बैलजोडी नसेल तर ट्रॅक्टरचा वखर किंवा कल्टिव्हेटर चालतो. आमच्या गावात बैलजोड्या आता बोटावर मोजण्याइतक्या उरल्यात, तेव्हा बैल आणा असं मी कोणाला सांगणार नाही. रोटाव्हेटरशिवाय पर्यायच नसेल तर एकच फेरी मारा, आणि ड्रायव्हरला सांगा की रोटर हळू आणि ट्रॅक्टर जरा जोरात पाहिजे. पाती जितकी जोरात फिरतील आणि ट्रॅक्टर जितका हळू चालेल तितका मैदा होतो. एकरावर पैसे घेणारा ड्रायव्हर हे आनंदानं ऐकतो, त्याचं काम लवकर होतं.

आणि हराळी किंवा कुंद्यासारखं चिवट तण असलेल्या तुकड्यात रोटाव्हेटर घालूच नका. एका काडीचे दहा तुकडे होतात आणि दहाही उगवतात. मी हे करून बसलो आहे.

यंदाची पापडी धरली असेल तर हातातला उपाय सांगतो. पापडी पूर्ण कडक व्हायच्या आत, अर्धवट ओली असताना, बोराटीची काटेरी फांदी दोरीला बांधून तासांना आडवी ओढत न्या. वर वजन ठेवू नका. पापडी तडकते, कोंब वर येतो. दुपारी करा, सकाळी रोपं कडक असतात, मोडतात. उगवणीच्या पाचव्या-सहाव्या दिवसानंतर याचा उपयोग नाही, तोवर कोंब वाकून गेलेला असतो. मग नांगे भरणंच, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी लावणंच, राहतं.

वाफसा: लाडूची परीक्षा

चार बोटं खोलवरची माती मुठीत घ्या आणि दाबून लाडू करा. लाडू होतच नाही तर जमीन कोरडी आहे. लाडू झाला आणि कंबरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटून विखुरला तर वाफसा आहे, म्हणजे ओल वाहीजोगी आहे, अवजार घाला. लाडू पडून चपटा झाला, किंवा मुठीत बोटांचे ठसे उमटले आणि हाताला चिकण लागलं, तर अवजार धुऱ्यावरच राहू द्या. वरची माती घेऊन परीक्षा करू नका. वर वाळलेलं असतं, खाली लोणी असतं, आणि ट्रॅक्टरचं चाक खालच्याच थरावर बसतं.

हे माहीत असूनही चूक होते ती अशी. दुसऱ्या वर्षी मी सकाळी लाडू करून पाहिला, चपटा झाला. ट्रॅक्टरवाल्याला फोन केला, उद्या ये. तो म्हणाला, "उद्या नाई जमत भाऊ, आज करून घेतो, नाईतर मंग आठ दिवसानं." मी हो म्हणालो. चाकांचे ते पट्टे ज्वारीत ऑक्टोबरपर्यंत दिसत होते, दोन-दोन ओळींची ज्वारी हातभरावर थांबलेली. त्याचा दोष नाही, त्याला वीस वावरं सांभाळायची असतात. माझी चूक ही की सगळी वाही पावसाळ्यावर ढकलली होती. उन्हाळ्यातच वावर तयार असतं तर पेरणीच्या वेळी एक हलकी पाळी पुरली असती, आणि तेवढी बैलांनीही झाली असती.

चार बोटांवर थांबलेलं मूळ

आता तिसरं दुखणं, आणि सगळ्यात जास्त फसवणारं. ज्वारी चांगली उगवते, महिनाभर छान दिसते, आणि जुलैच्या शेवटी-ऑगस्टमध्ये दहा-बारा दिवसांची उघडीप आली की कोलमडते. शेजारची तूर मात्र टवटवीत असते. लोक म्हणतात पाऊस कमी. आमच्याकडे वर्षाला साधारण ७५० ते ८५० मिलिमीटर पडतो. चाऱ्याच्या ज्वारीला तो भरपूर आहे, पाणी मातीत मुरलं आणि मूळ तिथवर पोचलं तर.

पोचलं का हे बघायला बांधकामाची १० मिलिमीटरची सळई घ्या, हातभर लांब. चांगला पाऊस होऊन दोन दिवस उलटल्यावर वावरात दहा-बारा ठिकाणी हातानं दाबा. कोरड्यात करू नका, कोरडी काळी सगळीकडेच दगडासारखी लागते आणि तुमचा गैरसमज होतो. ओल्यात सळई सहज आत गेली, मग चार-पाच इंचांवर टक्कन अडली, जोर दिल्यावर पुन्हा सैल गेली, तर मध्ये कडक थर आहे. खात्री करायची तर सब्बलनं फूटभर खड्डा घेऊन एक ज्वारीचं ताट मुळासकट काढा. माझ्या हातात आलेल्या ताटाची मुळं चार बोटं सरळ खाली गेली होती आणि तिथून काटकोनात वळली होती, फरशीवर पाणी पसरावं तशी. त्या फरशीच्या खाली माती काळीशार, ओली होती. ज्वारी ओलीच्या वर उभी राहून तहानेनं मेली.

हा थर कशानं होतो? दरवर्षी एकाच खोलीवर एकच अवजार. रोटाव्हेटरची पाती वरची माती फोडतात आणि आपल्या खालच्या थराला मात्र ठोकून-घासून गुळगुळीत करतात. त्यात ओल्या जमिनीवर ट्रॅक्टरचं वजन. चार-पाच वर्षांत फरशी तयार होते. नुसता कल्टिव्हेटर वर्षानुवर्षं त्याच खोलीवर चालवला तरी होते, फक्त जरा उशिरा.

फोडायचा कधी, याला महत्त्व आहे. ओल्यात सबसॉयलर (खालचा कडक थर फोडणारं ट्रॅक्टरचं अवजार) घातला तर तो चिकणमातीत फक्त एक चीर पाडून जातो, लोण्यात सुरी फिरवावी तशी, आणि ती चीर पुढच्या पावसात बुजते. थर कोरडा असतानाच तडकतो. म्हणून काम मार्च ते मे. सबसॉयलर भाड्यानं मिळाला तर उत्तम, नाहीतर पलटी नांगरानं आठ-नऊ इंच खोल नांगरट. ढेकळं तशीच उन्हात पडू द्या. हराळी-कुंद्याच्या काशा (जमिनीतल्या मुळ्या) वाळतात, किडींचे कोष उघडे पडतात, बगळे-साळुंक्या त्यांचं काम करतात. मग रोहिणीत एखादा पाऊस झाला की ढेकळं आपोआप उमलतात, त्यावर वखर फिरवला की रवा तयार.

पण खोल नांगरट दरवर्षी नको. तीन वर्षांतून एकदा पुरे, आणि सळई अडत नसेल तर तीही नको. दरवर्षी नांगरल्यानं सेंद्रिय भाग जळतो, ओल उडते, डिझेल जातं. आपल्याकडे नांगरट ही वाहीपेक्षा इभ्रतीची गोष्ट जास्त झाली आहे, वावर नांगरलेलं दिसलं पाहिजे. भारी काळीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तीच तिची नांगरट. जिथं भेगा खोल आणि जवळजवळ पडतात तिथं मी आता नुसता वखर घालतो. फेरपालटात एक वर्ष तूर आली की तिचं सोटमूळही थराला भोकं पाडतं, ते काम फुकटात होतं.

बरड जमिनीला हे सगळं लागू नाही

वर फूटभर माती आणि खाली मुरूम असेल तर खोल नांगरटीनं मुरूम वर येतो, आणि मग तो पिढीभर वरच राहतो. माझ्या दीड एकरात काकांनी ट्रॅक्टर नवा आला त्या काळात हौसेनं केलं होतं. तिथं आजही ज्वारी पिवळी पडते.

अशा जमिनीत दरवर्षी वाही करून ज्वारी घेण्यापेक्षा एकदाच नीट वाही करून बहुवर्षायू गवत लावा. मारवेल, अंजन, आणि शेंगवर्गातलं स्टायलो. अंजनचं बी कापसासारखं हलकं, वाऱ्यावर उडतं, म्हणून ओलसर मातीत किंवा शेणकाल्यात कालवून टाकायचं. स्टायलोचं कवच टणक, कडक गरम पाण्यात चार-पाच मिनिटं बुडवून मग गार पाण्यात टाकल्यावर उगवण सुधारते. दोन्ही बी जेमतेम सेंटिमीटरभर मातीखाली पाहिजेत. तिफणीनं पेरलंत तर गेलं. दोन वखरपाळ्या, वर बी फेकून फांदी फिरवायची, बस. पहिल्या वर्षी काही दिसत नाही, तणच दिसतं. ढोरं आत सोडू नका, कापून घाला. दुसऱ्या वर्षापासून वाहीचा खर्च संपतो.

खारपाणपट्ट्यातल्या भावांसाठी

पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे आमच्या उत्तरेला, जमीन दिसायला तीच काळी पण सोडियमनं फुगलेली असते. तिथं मातीचा दाणा टिकत नाही, पावसात चिखल आणि दोन उन्हांत सिमेंट. वाफसा दोन-तीन दिवसच मिळतो. नुसत्या अवजारानं तिथं भागत नाही. माती तपासून, सांगतील तेवढं जिप्सम, शेणखत आणि पाणी निघायला चर ही तिन्ही कामं आधी. विहिरीचं खारं पाणी ज्वारीला देऊन बघण्याचा मोह टाळा.

पाणी वावरातच अडवायचं

उताराला आडवी पेरणी करा, हे प्रत्येक जण सांगतो आणि कोणी करत नाही. वावर लांबीनं उताराकडे असतं, आडवं पेरलं तर ट्रॅक्टर सारखा वळवावा लागतो, ड्रायव्हर वैतागतो. मला यावर एक तडजोड सापडली. पेरणी कशीही असो, शेवटची वखरपाळी आणि नंतरच्या सऱ्या आडव्या. ज्वारी तीसेक दिवसांची झाली की डवऱ्याला (ओळींमधून चालवायच्या कोळप्याला) दोरी गुंडाळायची आणि दर सहा ओळींनंतर एक सरी ओढायची. दोरीमुळे माती दोन्ही बाजूंना सरकते आणि मधे चर पडतो. पेरणी उताराच्या दिशेनंच झाली असेल तर या सरीत दर आठ-दहा पावलांवर फावड्यानं मातीचा बांध टाका, नाहीतर तीच सरी नाला होते. भारी जमिनीत उलटी अडचण असते, पाणी साचतं. तिथं रुंद वरंबा-सरी चांगली. इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीच्या संशोधन संस्थेनं १९७० च्या दशकात काळ्या जमिनीसाठी ती बसवली, आता बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा-सरीची, यंत्रं गावोगाव सोयाबीनसाठी फिरतात. दीड मीटरच्या पट्ट्यात वरंब्यावर फुटाफुटानं चार ओळी ज्वारीच्या बसतात. सोयाबीन पेरून यंत्र परत न्यायच्या आत चाऱ्याचा तुकडाही त्यातच उरकून घ्या, त्यासाठी वेगळं बोलावलं तर कोणी येत नाही.

पेरणीची घाई करू नका, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस जमिनीत मुरू द्या. एकरी १६ किलो बियाणं, ओळींत एक फूट, खोली दोन बोटं. दोन बोटं म्हणजे तीन-चार सेंटिमीटर. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राची खोली मोकळ्या वावरात न लावता चालू तासात उकरून तपासा, मऊ जमिनीत ते दुप्पट खोल जातं.

मग डवरणी. चाऱ्याला कोण डवरतं, असं म्हणून बहुतेक जण सोडून देतात. दोन पाळ्या द्या, पहिली पंधरा-वीस दिवसांनी, दुसरी टोंगळ्याएवढी व्हायच्या आत. तण जातं हा एक फायदा. मोठा फायदा वरच्या कोरड्या भुसभुशीत थराचा, खालची ओल वर यायची वाट तुटते. काळीत उघडीप पडली की भेगा पडायला लागतात, भेगेतून ओल उडते आणि मुळं तुटतात. डवऱ्याच्या मातीनं भेग बुजते. परतीच्या ओलीवर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चारा पेरणाऱ्यांनी तर मूग-उडीद निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशी वखर घालावा, आठ दिवस थांबलात तर ओल तुमच्यासाठी थांबत नाही.

सुकलेली ज्वारी ढोरांना टाकू नका

हे शेवटी लिहितोय पण याला सगळ्यात जास्त जपा. वाही चुकून ज्वारी टोंगळ्याएवढी होऊन सुकायला लागली की मनात येतं, निदान ढोरं तरी सोडू. हीच ज्वारी सगळ्यात विषारी असते. कोवळ्या आणि पाण्याचा ताण बसलेल्या ज्वारीत धुरीन नावाचं द्रव्य जास्त असतं, ढोराच्या पोटात त्याचं हायड्रोसायनिक आम्ल होतं. ढोर काही मिनिटांत धापा टाकतं, लटपटतं, तोंडाला फेस येतो, पडतं. ताणानंतर पाऊस येऊन नवे कोंब फुटले तर तेही तितकेच वाईट. निम्मी ज्वारी फुलोऱ्यात येईपर्यंत हिरवी घालू नका. कापून नीट वाळवली की विष बरंच उतरतं. वाळवल्यावरही आधी कुटार, कडबा पोटात जाऊ द्या, मग ही थोडी थोडी. आणि ढोराला ही ज्वारी लागली तर घरगुती उपायात वेळ घालवू नका, लगेच डॉक्टरला बोलवा, याला इंजेक्शन आहे पण ते तासाभरात लागतं.

मी गेल्या उन्हाळ्यात एका एकरात सबसॉयलर घातला, उरलेल्यात नुसता वखर. रोटाव्हेटर एकदाही नाही. कपाशीच्या आधी चारा पेरला, घरच्यांनी वेड्यात काढलं. ऑगस्टमध्ये अकरा दिवस उघडीप होती, पानं दुपारी गुंडाळायची पण सकाळी उघडायची. सळई आता कोपरापर्यंत जाते. बाबा खांबाकडे बघून म्हणाले, "आता खांब दिसत नाई."

खांब दिसेनासा झाला त्याच आठवड्यात रोही (नीलगायी) आले. रानडुकरं आधीपासून होतीच. धुऱ्याला माईच्या जुन्या साड्या बांधल्यात आणि रात्री एक जण टॉर्च घेऊन जातो. यावर वाहीत काही उपाय नाही. कोणाला सापडला असेल तर कळवा.